बुडणाऱ्यांसाठी पाच ते सात

३ ऑक्टोबर १९८६
पेपरात बातमी. वेसाव्याला समुद्रात एक माणूस बुडाला. काठावर चाळीस जण उभे होते. चाळीस! एकही पुढे झाला नाही. म्हणे, आपण कशाला मध्ये पडा. मी असतो तर पडलो असतो.
ठराव: उद्यापासून रोज पाच ते सात किनाऱ्यावर ड्यूटी. चार बंगल्याहून चालत वीस मिनिटं. रिटायर झाल्यापासून वेळ आहेच. विमला गेल्याला सव्वा वर्ष झालं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.
पोहता येत नाही. पण आम्ही मूळचे मालवणचे, पाणी रक्तात आहे. शिवाय अशा वेळी मुख्य गोष्ट म्हणजे निर्णय.

४ ऑक्टोबर
ड्यूटी सुरू. डिस्पॅच सेक्शनमध्ये अठ्ठावीस वर्षं काढलीत, तयारी मला शिकवायला नको. पाण्याच्या कडेला चपला जोडून ठेवल्या. उजव्या चपलेत घड्याळ, डावीत चिठ्ठी: दत्ताराम परब, ब्लॉक नं. ७, चार बंगला. घरी कळवावे असे कोणी नाही. (वाचवताना माझं बरंवाईट झालं तर पोलिसांचा हेलपाटा वाचेल.) मग दोन तास पाण्याकडे एकटक पाहत उभा.
जाळं दुरुस्त करत बसलेला चंदर नावाचा कोळी टायम विचारायला आला. चपलेत बघ म्हटलं. बराच वेळ बघत होता. घड्याळ कळत नसावं.

७ ऑक्टोबर
चंदरने पुन्हा टायम विचारला. मग त्याच्या चुलत्याने. मग आणखी एकाने. कोळीवाड्यात घड्याळं नाहीत की काय? म्युनिसिपालिटीला लिहिणे.
चंदरच्या आईने, सगुणाबाईंनी, चहा पाठवला. हुद्द्याचा मान लोक न सांगता ओळखतात.

१० ऑक्टोबर
सगुणाबाई स्वतः आल्या. वाळत घातलेल्या बोंबलांजवळ बसवून घेतलं. काका, बायको काय बरं करायची जेवायला? तिसऱ्यांचं सुकं, म्हटलं. कसं करायची? सांगितलं. तास गेला. सव्वा वर्षात एवढं बोललो नव्हतो. घसा बसला, खाऱ्या हवेचा परिणाम. ड्यूटीचं नुकसान. उद्यापासून गप्पा बंद.

११ ऑक्टोबर
गप्पा, सव्वापाच ते पावणेसात. विषय: विमलाचं हलव्याचं कालवण.

१४ ऑक्टोबर
प्रसंग आला! सव्वासहा. डुंबायला उतरलेला एक जण खोलात गेला, हात वर करून ओरडायला लागला. मी तत्काळ निर्णय घेतला. पँट दुमडली. मग चष्मा. चष्म्याची जागा ठरवलेली नव्हती. काढला तर माणूस दिसेना, ठेवला तर फुटायची भीती. तेवढ्यात चंदर आणि दोघं जाऊन त्याला घेऊन आले. वाचला. देखरेख माझी.
एक नवल. सगळे बुडणाऱ्याकडे धावले, सगुणाबाई माझ्याकडे. माझा दंड घट्ट धरून उभ्या. घाबरल्या बिचाऱ्या. धीर दिला.

१७ ऑक्टोबर
लिहू की नको.
सगुणाबाईंनी सरळच विचारलं. काका, जीव कशापायी देताव? चपला जोडून, चिठ्ठी ठेवून पाण्याकडे बघत उभं राहणाऱ्यांना कोळीवाडा ओळखतो म्हणे. चंदरने पहिल्याच दिवशी चिठ्ठी वाचली. तेव्हापासून माझ्यावर पाळ्या लावल्यात. टायम कोणी विचारायचा, चहा कोणी न्यायचा, बोलत कोणी बसायचं.
म्हणजे चौदा दिवस ड्यूटीवर तेच होते.
मी ताठ उभा राहिलो. भलता गैरसमज, म्हटलं, मी इथे लोकांना वाचवायला येतो. समाजकार्य. चंदर म्हणाला, पोहता येतं? नाही. तो हसला नाही, हे फार लागलं. मग सगळं बरं हाये ना, सगुणाबाईंनी विचारलं. झकास, म्हटलं. सुटलो बाबा, म्हणाल्या, उद्यापासून पाळी बंद.

१८ ऑक्टोबर
पाच ते सात. भरती. कोणी आलं नाही. चंदर होडीला डांबर लावत होता, लांबूनच हात केला. सगुणाबाई बोंबील उतरवून घरी गेल्या. त्यांचं बरोबर आहे, धोका टळला.
साडेसहालाच निघालो. कुलूप उघडलं, दिवा लावला. बसवेना. विमला गेल्यापासून संध्याकाळ झाली की घर खायला उठतं. हे कुणाला सांगितलं नाही. काल एवढं विचारलं, तेव्हाही नाही.
उद्या पाचची वाट बघणार नाही. सकाळीच जाऊन सगुणाबाईंना सांगणार, खोटं बोललो, बरं काही नाही, पाळी बंद करू नका.