शिक्का नसलेलं पत्र

बिश्केक, २ फेब्रुवारी

प्रिय जेकशेनदादा,

तुमचं पत्र आणि कुरुतची, घरच्या सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी मंगळवारी मिळाली. कुरुत नेहमीसारखंच खारट आणि कडक; दात हलायला लागलेत तरी हात थांबत नाही. पणतू झाल्याचं वाचून मी स्वयंपाकघरात एकटीनंच टाळ्या वाजवल्या. वीस जानेवारीचा जन्म, म्हणजे अकरा फेब्रुवारीला तो बावीस दिवसांचा होईल. हे बावीस मी बोटांवर तीनदा मोजले. का, ते पुढे सांगते. आधी थोडं मागं जाऊ द्या, एकदम तोंडावर बोलायची माझी हिंमत नाही.

चौऱ्याऐंशी साली मी भूकंप संस्थेत नुकतीच लागले होते. नागरिकाच्या प्रत्येक पत्राला महिन्याच्या आत उत्तर द्यायचं, असा तेव्हा नियम. कोणी चंद्रावरून भूकंप सांगायचा, कोणी पृथ्वी पोकळ आहे म्हणायचा. ती सगळी पत्रं एका हिरव्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात. आमचे साहेब म्हणायचे, ‘उमसुनाय, वाद घालत बसू नकोस गं. निरीक्षणं रोचक आहेत, पुढे चालू ठेवा, एवढं लिही आणि शिक्का मार. माणूस खूश, आपण मोकळे.’ तुम्ही शाळेत भूगोलाचे मास्तर, गावच्या गरम झऱ्यात रोज सकाळी थर्मामीटर बुडवणारे. झरा अर्ध्या अंशानं तापला की पंधरा दिवसांत भूकंप, हा तुमचा सिद्धांत. तुम्हालाही मी त्याच ओळी पाठवल्या. जेवायच्या सुट्टीआधी उरकून टाकल्या, खरं सांगते.

पाच वर्षांनी कामासाठी तुमच्या गावी आले, तर ते पत्र चौकटीत घालून भिंतीवर, तुमच्या वडिलांच्या फोटोशेजारी! कानिमगुलवहिनींनी डोईच्या रुमालानं काच पुसली आणि म्हणाल्या, ‘बाई, तुमच्या या कागदानं आमचे हे पार सुटलेत हो. घोडी व्याली तरी आधी झऱ्यावर जातात!’ आपण सगळे किती हसलो. मी पोटभर जेवले आणि गप्प बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

तुम्ही पाठवलेल्या झऱ्याच्या नोंदींच्या वह्या मी वाचल्याच नाहीत असं नाही. बारा वर्षांपूर्वी नीट बसून तपासल्या. चाळीस भाकितांपैकी एकोणतीस खरी ठरली, असं तुम्ही लिहिलं होतंत. मग मी नवऱ्याच्या कल्पाकमध्ये, त्याच्या त्या पांढऱ्या लोकरी नमद्याच्या टोपीत, वर्षाच्या सगळ्या तारखांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि डोळे मिटून चाळीस उचलल्या. नवरा ओरडला, ‘अगं, कल्पाक काय खेळायची वस्तू आहे?’ त्या चाळीसपैकी एकतीस खऱ्या निघाल्या, दादा. टोपीला काही कळत नव्हतं. पण पामीरपासून काशगरपर्यंत पंधरा दिवसांत कुठे ना कुठे जमीन हलतेच, आणि तुम्ही ते प्रत्येक हलणं आपल्या झऱ्याचं यश धरत होतात. हे सगळं मी कागदावर मांडलं, पाकीट केलं, तिकीट लावलं. आणि टाकलं नाही. तुमचं मन मोडेल, पत्रं बंद होतील, अशी भीती वाटली. त्याला मी सभ्यपणा म्हणत होते.

पुढच्याच फेब्रुवारीत झरा तापला म्हणून तुम्ही आठ घरं रिकामी केलीत. उणे वीसच्या थंडीत तीन दिवस नमद्याच्या तंबूंत. वहिनींना तिथेच न्यूमोनिया झाला. ‘भूकंप चारशे किलोमीटरवर झाला, म्हणजे सिद्धांत बरोबरच,’ असं तुम्ही त्या गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणानंतर लिहिलंत. मी सांत्वनाचं चार पानी पत्र पाठवलं. त्यातही टोपीचा उल्लेख नव्हता. ते पाकीट तेव्हाही माझ्या खणातच पडलं होतं. वहिनींना थंडीनं नेलं, तसं माझ्या गप्प बसण्यानंही नेलं. हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही.

परवा तुमचं पत्र घेऊन संस्थेत गेले. आताचा प्रमुख माझाच विद्यार्थी. म्हणाला, ‘बाई, उत्तरच देऊ नका. उत्तर दिलं की ही माणसं डोक्यावर बसतात.’ शेजारच्या टेबलावरची पोरगी वाचून फिदीफिदी हसली आणि मोबाइलवर फोटो काढायला लागली. मी तिच्या हातून पत्र हिसकावून घेतलं. पण चिडायचा मला काय अधिकार? त्यांनी तुमची वही उघडलीच नाही. मी उघडली आणि पुन्हा मिटून ठेवली. घरी येईपर्यंत मला माझीच लाज वाटत होती.

झरा पुन्हा तापलाय, भूकंप येणार, म्हणून अकराला सगळं गाव माळावर न्यायचं, आणि गावप्रमुख जुन्या कागदाला मानत नाही म्हणून शिक्क्याचं नवं पत्र पाठवा, असं तुम्ही लिहिलंय. शिक्का मिळणार नाही. बाळाला चाळीस दिवस उंबरा ओलांडू देत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायचं का? तुमचा सिद्धांत चुकीचा आहे, जेकशेनदादा. ते जुनं पाकीट सोबत जोडलंय. माझ्या मोजणीत चूक सापडली तर दाखवा, मी मान्य करीन. अकराला जमीन हलणारच नाही, असंही मी म्हणत नाही. ते तुम्हाला कळत नाही, मलाही कळत नाही. टपालाचा भरवसा नाही म्हणून हे टॅक्सीवाल्याच्या हाती देतेय, आणि दहाला मागोमाग मीही येतेय. अकराचा अख्खा दिवस मी तुमच्या घरात, त्याच छताखाली, बाळाच्या पाळण्याशेजारी बसणार आहे. भिंतींचे कोपरे बघू, त्यांना आवळून धरणारे लोखंडी पट्टे कुठे मारायचे ते दोघं मिळून ठरवू. घर वाचलं तर त्यानंच वाचेल. तुम्ही एकटे माळावर जाऊन बसलात तरी मी रागावणार नाही, पण बाळ आत राहील. भिंतीवरचं ते पत्र मात्र मी यायच्या आत उतरवून ठेवा. या पत्रावर शिक्का नाही, पण हे मी तुमच्या वह्या वाचून लिहिलंय.

चाळीस वर्षं उशिरा, पण तुमचीच,
उमसुनाय