भोकं पडलेल्या चाकाचा फोटो कोणाला द्यावा

जय भीम.

मी, सुजित, वडिलांचे नाव कालकथित ज्ञानदेव खिल्लारे, वय तेवीस, मूळ राहणार तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, हल्ली मुक्काम महाळुंगे, हे मृत्युपत्र दवाखान्यातल्या अकरा नंबरच्या खाटेवर बसून, कोणाच्या दाबाखाली न येता, डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षराला हसू नये. मृत्युपत्राचा नमुना माझा मित्र सनीने खेडच्या कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून आणला. त्यात मी शुद्धीवर आहे असं लिहावं लागतं. आहे. ताप एकशे तीन आहे, पण सिस्टरने आज वार कोणता विचारला तेव्हा मंगळवार म्हणून बरोबर सांगितलं.

लिहिण्याचं कारण असं की उद्या सकाळी नऊला माझा उजवा हात कोपराच्या वरून काढणार आहेत. पंजा चौदा महिन्यांपूर्वीच गेला. उरलेल्या हाडात पू झाला आणि विष रक्तात उतरलं. डॉक्टर म्हणाले, "जिवाची हमी देत नाही. घरचं कोण आहे?" मी म्हणालो, कोणी नाही. सिस्टरने फॉर्मवर नातेवाईकाच्या रकान्यात तसंच लिहिलं. ते खोटं आहे. माय आहे, कस्तुराबाई. बहीण आहे, मिनल, बारावीला. त्यांना पंजा गेल्याचंच माहीत नाही.

१. स्थावर मिळकत. नमुन्यात यासाठी अर्धं पान सोडलंय. मला एक शब्द पुरे. नाही.

२. माझा मोबाईल सनी गायकवाड, राहणार देहूरोड, याला द्यावा. कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर तो शेजारच्या मशीनला होता. पंजा गेला त्या दिवशी माझा पट्टा धरून मला मागं ओढणारा तोच. ज्याला काही द्यायचं त्याची साक्ष चालत नाही असं टायपिस्टने सांगितलंय. सनी म्हणाला, "मग मोबाईल राहू दे राव, मी सही करतो." मी म्हणालो, "मोबाईल घे भावा, सही करणारे मिळतील." "स्क्रीन फुटलीय त्याची." "म्हणून तर तुला."

३. माझी खरी मिळकत म्हणजे फोटो. चंद्राचे आणि मंगळाचे, एकूण एकेचाळीस. चाकणला गणराजच्या फ्लेक्सच्या दुकानात बॅनरच्या कडेला पट्टी उरते, तिच्यावर तो छापून द्यायचा. म्हणायचा, "इकडून भाऊंचा वाढदिवस, तिकडून मंगळ. बघ, भाऊ कुठं पोचले!" मंगळावरची गाडी जे फोटो पाठवते ते कोणालाही मोबाईलवर फुकट बघता येतात, हे मला मिनलने सांगितलं. मी नववी नापास, पण चहाच्या सुट्टीत रोज बघायचो. तिथला दिवस आपल्यापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठा. सनी म्हणाला, "म्हणजे रोज चाळीस मिनिटं फुकट ओव्हरटाइम. आपले साहेब तिथलेच असणार."

सगळे फोटो मिनलला द्यावेत. चंद्रावर जो पहिला उतरला त्याचा धड फोटो त्यात सापडणार नाही. कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्याकडेच होता. लग्नातही फोटो काढणारा फोटोत नसतो.

पण दोन फोटोंबद्दल वेगळं लिहितो.

नंबर सतरा. मंगळावरच्या गाडीने स्वतःचा काढलेला फोटो, सेल्फी. मिनलला पाठवला तेव्हा तिचा लगेच फोन आला. "दादा, हिनं हात लांब करून फोटो काढला ना? मग हात कुठं गेला हिचा?" मी सांगितलं, पुष्कळ फोटो तुकड्यातुकड्याने काढून जोडतात, आणि हात जिथं येतो ते तुकडे घेतच नाहीत. तेव्हा मला दोन्ही हात होते. पंजा गेल्यावर मला तो फोटो आठवला. मग घरी पाठवायचा तो प्रत्येक फोटो तसाच काढला. नवा शर्ट, दसऱ्याचा हार घातलेली मशीन, मागे कंपनीचं गेट. हात नाही. मागच्या महिन्यात मिनल म्हणाली, "दादा, तुझे फोटो पण त्या गाडीसारखेच असतात रे." मी म्हणालो रेंज जातेय, आणि फोन ठेवला.

नंबर बत्तीस. गाडीच्या चाकाचा. चाक पत्र्याचं, दगडांनी फाटून त्याला भोकं पडलेली. मी पत्र्यातला माणूस आहे, फाटलेली कड बघून मला कळतं किती सोसलंय. हा फोटोही तिनेच काढलाय. ठरावीक अंतर चालली की ती आपली चाकं बघते आणि फोटो इकडे पाठवते. मग इकडचे लोक तिला कमी दगडांची वाट काढून देतात. भोकं पडल्यावरही ती कितीतरी वर्षं चालतेय.

४. जुना राग. कंपनीचं नाव लिहीत नाही. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात बाहेरच राहतात. तसं करून दिवसाच्या नगांचा आकडा पुरा होत नाही, म्हणून आम्ही उजव्या बटणात वॉशर खुपसून ते दाबलेलंच ठेवायचो. डाव्या हाताने दुसरं बटण, उजव्याने माल. वॉशर मीच खुपसला होता, ते नाकारत नाही. पण साहेब मागे उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "सुज्या, आज आकडा लय भारी." नंतर त्यांनी कागदावर लिहिलं, मोटारसायकलवरून पडला. वॉचमनचं काम देतो म्हणाले म्हणून मी डावा अंगठा दिला. काम दिलं, तीन महिने. तो वॉशर सनीने त्या दिवशी खिशात घातला होता. तो मी साहेबांना देतो. सनीने त्यांच्या टेबलावर ठेवावा. काही बोलू नये.

५. मेलो तर त्रिशरण-पंचशील म्हणावं. खानावळीच्या सुमनताईंना पाठ आहे. आता मी त्यांचेच डबे पोचवतो.

६. ~~मायला पंजाचं सांगू नये. तापाने गेला म्हणावं. चादर गळ्यापर्यंत घालावी आणि उजव्या बाजूला फुलं जास्त ठेवावीत.~~

७. कलम सहा सनीने वाचलं. "म्हणजे मेल्यावर पण सेल्फीच का?" एवढंच म्हणाला आणि पाणी आणायला गेला. पाणी घेऊन लवकर आला नाही.

कलम सहा रद्द. खोडून डावा अंगठा दिला आहे. साहेबांच्या कागदावर दिला तोच.

ड्रेसिंग बदलताना सनीने फोटो काढला. खांद्यापासून हात जिथं संपतो तिथपर्यंत, पूर्ण. मी मान फिरवली नाही. हा फोटो नंबर बेचाळीस. तो मिनलला आणि मिनलने मायला दाखवावा. मेल्यावर नाही, आत्ता. खाली लिहिलंय, "माय, ऑपरेशन उद्या नऊला आहे. ये." घर सोडल्यापासून आठ वर्षांत मी मायला ये म्हणालो नव्हतो.

तीन पन्नासला पाठवला. मिनल कॉलेजात फोन बंद ठेवते, पाचला उघडते. जिंतूरहून पुण्याची गाडी साडेसहाला. ती चुकली तर नऊच्या आत पोचता येत नाही. मंगळावरून फोटो यायला जास्तीत जास्त बावीस मिनिटं लागतात.

सनीला मोबाईल मिनलचं उत्तर आल्यावर द्यावा. तोवर माझ्या उशाशी राहील.

नातेवाईकाच्या रकान्यातलं 'कोणी नाही' सिस्टरने माझ्यासमोर खोडलं. "आईंचं नाव लिहू?" म्हणाल्या. मी लिहा म्हणालो. "सहीची जागा मोकळी ठेवते मग."

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

लिहून ठेवणार: सुजित ज्ञानदेव खिल्लारे (डाव्या हाताची सही)

आमच्यासमोर सही केली:
१. सुमन विलास कांबळे, खानावळ, महाळुंगे
२. करिष्मा साळवे, परिचारिका

ठिकाण: चाकण
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५
वेळ: पाच वाजून पंचवीस मिनिटं. फोटोखाली अजून एकच टिक.