पाहुण्याला उतार लागतो

तीर्थस्वरूप मामांच्या पायांशी नमस्कार. गुडघा अजून दुखत असेल तर पाय हलवू नका, मी लांबूनच करतो आहे. मामींचा खोकला कसा आहे? आणि गेल्या महिन्यात तुम्ही आमच्याकडून विकत नेलेल्या बैलांची तब्येत कशी आहे? रुसक्या नीट खातो का? त्याचा जोडीदार काय म्हणतो? (सहज विचारतो आहे.)

इकडे सगळे ठीक. फक्त बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर बसलेला असलो तरी आईला म्हणतात, "त्याला सांग, मीठ सरकव." आई मला सांगते, मी मीठ सरकवतो, तोवर त्यांचं जेवण उरकलेलं असतं. कारण तुमच्या कानावर आलं असेलच, पण ते दादाच्या तोंडून आलं असणार आणि तो तिखटमीठ लावतो. म्हणून मी क्रमाने लिहितो. यंदा बाबांनी पहिल्यांदाच शेत माझ्या हाती दिलं. पावसाआधी नांगरट झाली तर शेत माझ्याकडे राहणार, नाही तर दादाकडे जाणार. बैल विकून ट्रॅक्टर घेऊ, हे मीच सुचवलं. नवा परवडणारा नव्हता. ओळखीच्या कंपनीचा जुनाही परवडेना. शेवटी जुन्या गाड्यांच्या एका दलालाकडे परदेशी कंपनीचा एक स्वस्तात मिळाला. कंपनीचं नाव पुढच्या पत्र्यावर ठळक आहे, मी ते अक्षर न अक्षर उतरवून घेतलं आहे, पण उच्चार कोणालाच जमत नाही. म्हणून घरात त्याला 'पाहुणा' म्हणतात.

मी डोळे झाकून घेतला, असं दादा सांगत फिरतो ते खोटं आहे. मी एकेक बोल्ट हाताने हलवून पाहिला. टायरच्या खाचांत काडी घालून खोली पाहिली. तेल बोटावर घेऊन हुंगलं (वासावरून काय कळतं ते मला ठाऊक नाही, पण दलाल बघत होता). गिअरच्या दांड्याजवळ चित्रं आहेत. कासव म्हणजे हळू, ससा म्हणजे जोरात. तिसरं चित्र झिजलं आहे. मग दलालाने ब्रेक सोडला, ट्रॅक्टर थोडा पुढे घरंगळला आणि धडधडून सुरू झाला. मामा, मी सगळं तपासलं, फक्त तो ज्या जमिनीवर उभा होता ती तपासायची राहिली. दलालाचं आवार उताराचं होतं.

घरी आणून बंद केला, तो बंदच राहिला. मिस्त्री म्हणाला, "स्टार्टर कधीच गेलाय याचा. उतारावर सोडला की होतो सुरू, त्यात काय!" त्यात काय, ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या गावात जमिनीवर गोटी ठेवली तर ती विचार करत बसते. स्टार्टरसाठी मी कंपनीला सुवाच्य अक्षरात पत्र धाडलं. उत्तर आलं की कंपनी आता शिलाई मशिनं बनवते, हवं असल्यास कळवावं. (आईने किंमत विचारायला सांगितली आहे.)

सुरुवातीला शेजारी ढकलायला यायचे. पुढे पुढे माझ्या हातात किल्ली दिसली की गल्लीत धडाधड कड्या लागू लागल्या. समोरचा न्हावी म्हणाला, "बाळा, तुझी दाढी जन्मभर फुकट करीन, पण ढकलायला बोलावू नकोस." त्यामुळे एकदा सुरू झालेला पाहुणा मी बंदच करत नसे. मी जेवायला बसलो की तो अंगणात धडधडायचा आणि ताटातली वाटी आपोआप दादाकडे सरकायची. अशा रीतीने अर्धं शेत नांगरून झालं. परवा मात्र डिझेल संपून तो अंगणातच थांबला. डिझेल भरलं, ढकलायला कोणी नाही. पाऊस तर तोंडावर आला आहे. तेव्हा मी अंगणात मातीचा मोठा ढीग घातला आहे. उतार उत्तम साधला आहे, फळीवरून डबा घरंगळवून पाहिला. वरून सोडला की पाहुणा सुरू होणार, यात शंका नाही. वर कसा न्यायचा, एवढाच प्रश्न आहे.

बाकी सगळं जागच्या जागी आहे, ट्रॅक्टरसकट.

आपला भाचा

ता. क. : बैल रोज सकाळी थोडा वेळच लागतील. पाहुण्याला ढिगावर ओढून ठेवलं की त्यांचं काम संपलं, मग दिवसभर बसून खाऊ देत. ते झिजलेलं तिसरं चित्र बैलाचंच असणार, असं दादाचं म्हणणं आहे.

दुसरा ता. क. : ही विनंती बाबांना ठाऊक नाही. विकलेले बैल मागायला मेहुण्याच्या दारात जाणार नाही, असं ते (आईकडे बघून) म्हणाले आहेत. तेव्हा "आमच्याकडचा चारा संपलाय, जरा सांभाळा" असं काहीतरी म्हणून तुम्हीच आणून सोडा.

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवताना बाबा मागे येऊन उभे राहिले. "कोणाला लिहितोयस?" असं त्यांनी थेट मलाच विचारलं. मी म्हणालो, मामांना. त्यांनी एकदा ढिगाकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्याला लिही, रुसक्याला ओला चारा घालू नकोस म्हणावं, पोट फुगतं त्याचं. आणि हेही लिही, बैलांची गरज मला नाही. ट्रॅक्टरला आहे."