दिवसाची झोप

आण्णा, तुम्ही गेलात त्याला सव्वीस वर्षं झाली. रातपाळी करून तुम्ही सिन्नरहून सायकलवर घरी यायचात, आणि आई खिडकीला गोधडी लावून आम्हा भावंडांना ओट्यावर काढायची. आण्णा निजलेत, एवढंच सांगायची. पण तुम्ही निजलेले नसायचात. दाराच्या फटीतून मी बघतो आहे, तुम्ही आढ्याकडे डोळे लावून पडला आहात. एकदा मी ओट्यावर मोठ्यानं पाढे म्हणत होतो. तुम्ही बाहेर आलात, पाटी घेतलीत आणि उंबऱ्यावर आपटलीत. मग तिथेच बसून कितीतरी वेळ तुकडे गोळा करत राहिलात. पुढे तुम्ही बोलणंच सोडलंत. गावातले लोक म्हणायचे, बाहेरचं काही लागलंय. आईनं नारळ उतरवून टाकले. मला मात्र वाटायचं, तुमचा राग माझ्यावरच आहे.

आता मी सातपूरला कारखान्यात आहे. दर आठवड्याला पाळी बदलते, झोप कुठल्याच पाळीला येत नाही. रातपाळीच्या आठवड्यात दिवसा जेमतेम तासभर डोळा लागतो, तोही शेजारच्या मिक्सरचा आवाज ऐकत. गेल्या महिन्यात असाच जागा झालो तर घड्याळात पावणेसहा. उठून अंघोळ केली, खंडोबाचा टाक ताम्हनात घेतला, पाणी घातलं, भंडारा वाहिला. मागून बायको म्हणाली, "अहो, संध्याकाळ आहे ही. देवाची अंघोळ सकाळीच झाली. आज काय दोनदा न्हाऊ घालता त्याला?"

ती हसत होती, मुलगीही हसली. मी ताम्हन उचललं आणि टाकासकट भिंतीवर फेकलं.

मुलीनं पलंगाखालून टाक शोधला, ओढणीनं पुसून देव्हाऱ्यात ठेवला आणि पुस्तक घेऊन, पावलं न वाजवता, गच्चीवर गेली. आपल्याच घरात तिला तसं चालताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

बायकोनं आग्रह धरून मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई वयानं लहान आहेत, पण घाई करत नाहीत. त्यांनी झोपेचं विचारलं, रागाचं विचारलं, जगणं नकोसं होतं का तेही विचारलं. मी खंडोबाला स्मरून सगळं खरं सांगितलं; होतं कधी कधी, हेसुद्धा. बायकोला ते तिथेच कळलं. तिनं माझा हात धरला.

मग बाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला असा त्रास होता? वडिलांना वगैरे?"

"नाही," मी म्हणालो. "ते कामावरून आले की गाढ झोपायचे."

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. बाईंनी ते लिहून घेतलं, आण्णा, आणि मी त्यांना ते खोडून टाका असं म्हणालो नाही.