आईचं यंत्र आणि दादाची यादी

बुडापेस्ट, डिसेंबरचा पहिला रविवार

आदरणीय लोरांददादा,

दोन्ही गालांवर पापा (पोस्टाने जेवढा पोचेल तेवढा). तुझा गुडघा काय म्हणतो? आगोतावहिनी दिवसातून तीनदा रक्तदाब मोजत असेलच. जर्दाळूच्या झाडाला गोणपाट गुंडाळलंस ना? मी लेकीकडे ठणठणीत आहे. फक्त पायांचे तुकडे पडलेत, तेही तुझ्याच कृपेने.

"राजधानीत राहायला गेलीस, आता जरा सुसंस्कृत हो," असं लिहून तू बघण्यासारख्या संग्रहालयांची यादी धाडलीस. चाळीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या माणसाची यादी, लाल शाईतली. म्हटलं, जाऊ या बाई. आधी टेकडीवरचं चित्रदालन. दारातच एकीने माझा कोट काढून घेतला, मग टोपी, मग पिशवी (आत खायला घेतलेल्या चार खाऱ्या पोगाचा होत्या, परत मिळाल्या तेव्हाही चारच होत्या, मी मोजल्या). आत सगळे घोड्यावर बसलेले मिशाळ पुरुष. जो लढाई हरला त्याचा घोडा जास्त गुबगुबीत. एका चित्रात टेबलावर मेलेला ससा आणि अर्धवट सोललेलं लिंबू. अरे, रांधायचं तर रांधा, नाही तर आवरून ठेवा! त्यापुढे लोक हनुवटीला हात लावून उभे.

दुसरं कुणा सरदाराचं घर. तिथे बुटांवरून लोकरी सपाता चढवायला लावतात, लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून. म्हणजे तिकीट काढून आपणच त्यांची जमीन पुसायची! मी अशी घसरले की थेट सरदाराच्या पलंगाखाली. रखवालदारीण ओरडली, "आजी, पलंगाला हात लावू नका!" मी म्हटलं, "बये, आधी मला उठव, आणि मग इथली धूळ बघ." (होती. बोटभर.)

तिसरं बाजारामागचं, जुन्या घरगुती वस्तूंचं. तू त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्यास. इथे पिशवी कुणी काढून घेत नाही, एवढं एकच बरं. आणि दादा, काचेच्या कपाटात काय, तर आईचं खसखस दळायचं यंत्र! तेच, बाबांनी दांड्याला तार गुंडाळलेलं. आई गेल्यावर मी त्याच्यासाठी घर पालथं घातलं होतं. तू म्हणालास, भंगारात गेलं असेल. मी तिथेच उभी राहून रडले. मग चष्मा पुसून पाटी वाचली: "कॉफी दळण्याचं यंत्र. वापरणारी व्यक्ती अज्ञात."

कॉफी! माझं डोकंच फिरलं. साठ नाताळ त्यातून खसखस निघाली, बेइग्लीच्या गोड, भाजायच्या गुंडाळ्यांत भरली गेली. कॉफीचा एक दाणा कुणी टाकला असता तर आईने हात मोडला असता. विणत बसलेली रखवालदारीण मार्गितकाकू उठून आली आणि म्हणाली, "अगंबाई, हे तर खसखशीचं! दोन वर्षं समोर बसतेय, मेली पाटी कधी वाचलीच नाही." आम्ही दोघींनी मिळून शिकल्यासवरल्यांचा उद्धार केला. "बेइग्ली झाडाला लागते असं वाटतं यांना," ती म्हणाली आणि तिने कपाटच उघडलं. मी दांडा फिरवून दाखवला. तो हातातच आला. मग संग्रहालयाचे साहेब धावत आले. म्हणे, पाटी देणगीदाराच्या अर्जाप्रमाणे असते, बदलायची तर त्याचीच सही लागते. ज्या दीडशहाण्याने तो अर्ज भरला, त्याला या जन्मी खसखशीचा वासही मिळू नये.

वहिनीला पापा.

तुझी धाकटी बहीण,
इलका

ता. क. साहेबांनी मला तो अर्ज दाखवला. लाल शाई होती. दादा, तुझं अक्षर मी पहिलीपासून ओळखते. दर नाताळात बेइग्लीचं खमंग टोक तूच पळवायचास, आणि स्वयंपाकघरात एकदा डोकावला नाहीस? आणि "अज्ञात" लिहिताना हात कसा चालला रे तुझा? सोबत कोरा अर्ज आहे. "खसखस" लिही. आणि "अज्ञात"च्या जागी बाबांचं नाव टाकून खाली "यांची पत्नी" असं नको. रोझालिया लिही. तिला नाव होतं.

आणखी ता. क. गडबडीत तो दांडा माझ्या पिशवीत आला आहे. तुझी सही आली की नेऊन देईन. तारेत खसखशीचे दोन दाणे अडकले होते. एक मी जिभेवर ठेवला, कडू झालाय. दुसरा या पाकिटात टाकला आहे. चाखून बघ, कॉफी लागते का.