मासा खाली जाईना

२ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६

आणला. निळ्या रेघांचा, पिवळ्या शेपटीचा, तळहाताएवढा. हा तिसरा. आधीचे दोघे माझ्या चुकीने गेले असं घरात बोललं जातं. मी प्रामाणिकपणे विचार करून पाहिला. पहिला मुळातच आजारी होता. दुसऱ्याच्या बाबतीत माझी काही चूक झालीही असेल, पण ती सापडत नाही. म्हणजे छोटीच असणार.

फ्रिजवर करार लावला आहे. मजकूर माझा, अक्षर माझं. १७ मार्चला हा मासा या टँकमध्ये धडधाकट पोहत असेल तर खिडकीजवळचा कोपरा कायमचा टँकचा. नसेल तर टँक हलेल आणि तिथे हिचं शिलाई मशीन परत येईल. मशीन सध्या बेडरूममध्ये पलंग आणि कपाट यांच्यामध्ये अडकलेलं आहे. शाळेच्या नाटकाचे बावीस झगे हिने शिवायला घेतलेत, त्यामुळे ती सतत तिथे बसलेली. ती उठल्याशिवाय कपाट उघडत नाही. मी चार दिवस तेच मोजे घालतोय. तक्रार नाही, नोंद आहे.

दुकानदाराने निघताना पुन्हा तेच सांगितलं. साहेब, टँकमधलं पाणी उडून कमी झालं की वरून साधं पाणी घाला, पाणी उडतं, मीठ कुठे जातंय? मी नुसता हसलो. समुद्रातल्या माशाला नळाचं पाणी! आळशी गिऱ्हाइकांसाठी काढलेली पळवाट. माझ्याकडे टँकवर पंखा आहे, रोज अर्धं बोट पाणी कमी होतं, आणि रोज मी समुद्री मीठ मोजून, ढवळून, खारं पाणीच भरतो. दुसरा गेल्यावर सगळं पाणी बदललं त्याला तीन आठवडे झाले. एक दिवस खाडा नाही.

३ मार्च, रविवार. सकाळी ७.१०

मासा वर तरंगतोय. पाठ पाण्याबाहेर. शेपटी जोरजोरात मारत निम्म्यापर्यंत खाली जातो, दमतो, पुन्हा वर येतो.

सकाळी ७.३५

निदान झालं. खोल पाण्यातून मासा घाईघाईने वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. नव्याने आलेल्या समुद्री माशांमध्ये ही तक्रार आढळते, असं तीन ठिकाणी वाचलं. दोष पकडणाऱ्याचा. पंचवीस मिनिटांत निदान! डॉक्टर झालो असतो तर.

ही चहा घेऊन आली, टँककडे बघितलं आणि म्हणाली, बूच आहे का हे? कन्येला (इयत्ता सहावी) नाव फारच आवडलं. दिवसभर घरात बूच, बूच. आजाऱ्याला नावं ठेवू नयेत असं मी दोघींना सांगितलं. मी त्याला पेशंट म्हणणार.

४ मार्च, सोमवार

उपाय पहिला: अंधार आणि शांतता. टँकवर चादर. टीव्ही बंद. हिला विनंती केली की दोन दिवस मशीन जरा हळू चालव. ती म्हणाली, अहो, मासा आणलाय की बाळंतीण?

चादर नीट खोचली. पेशंटसमोर आवाज चढवायचा नव्हता.

५ मार्च, मंगळवार

चादर काढली. पेशंट वरच.

पाण्याचा खारेपणा पाहावा म्हणून हायड्रोमीटर बुडवला. प्लॅस्टिकची डबी, आत एक काटा, पाणी जितकं खारं तितका काटा वर. काटा शेवटच्या रेघेच्याही पुढे गेला. हसू आलं. एकोणीस वर्षं मी कारखान्याच्या मापन विभागात आहे. प्रेशर गेज, थर्मामीटर, वजनकाटे, सगळं माझ्या हाताखालून जातं. बरोबर असेल त्याला हिरवं स्टिकर, चुकीचं असेल त्याला लाल: ‘सदोष’, खाली माझी सही. उपकरण खोटं बोलायला लागलं की मला ते हातात घेताच कळतं. काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की तो उगाच वर जातो. बुडबुडे दिसले नाहीत, पण ते बारीक असतील.

लाल स्टिकर लावून हायड्रोमीटर ड्रॉवरमध्ये टाकला.

मनाला एक टोचणी आहे ती लिहून ठेवतो. नियम असा की स्टिकर लावण्याआधी उपकरण प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहायचं. ते प्रमाणित उपकरण ऑफिसमध्ये आहे. पण ऑफिसची वस्तू घरच्या कामाला वापरणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

७ मार्च, गुरुवार

उपाय दुसरा: पोट साफ करणे. एक दिवस उपास, मग उकडलेला मटार, साल काढून. ही म्हणाली की तुमच्या मुलीला आयुष्यात कधी मटार सोलून दिला नाहीत. कन्या म्हणाली, बाबा, मला मटार आवडतच नाहीत. म्हणजे मुद्दा निकालात निघाला.

पेशंटने मटार हुंगला आणि सोडून दिला. मटारसुद्धा बुडाला नाही, पेशंटच्या शेजारी तरंगत राहिला. हल्लीच्या भाज्यांत दमच नाही.

पाणी भरलं, मीठ मोजून. अशा काळात तर शिस्त जास्तच हवी.

९ मार्च, शनिवार. दुपारी ३

उपाय तिसरा. खास. मासा काही तास तळाशी धरून ठेवला की वरच्या पाण्याच्या दाबाने पिशवीतली हवा हळूहळू जिरते. स्वयंपाकघरातली भोकांची चाळणी पेशंटवर उपडी घातली आणि वर डंबेल ठेवलं. हे डंबेल मी एक जानेवारीला आणलं होतं आणि तेव्हापासून ते बेडरूमचं दार आपटू नये म्हणून दाराशी असतं. ‘कधी उपयोग होणार याचा’ असं विचारणाऱ्यांना आज उत्तर मिळालं.

संध्याकाळी ५.४०

हिला भाजी निथळायला चाळणी हवी होती. पाच मिनिटं शोधली. मग टँकमध्ये दिसली. जे बोलली ते सगळं लिहीत नाही. सारांश असा की या घरात माणसांनी कुठे बसायचं, कुठे झोपायचं आणि आता कशातून जेवायचं तेवढं त्या बुचाला विचारून सांगा.

चाळणी काढली. पेशंट सुटल्या सुटल्या वर. पण मला वाटतं आधीपेक्षा किंचित सावकाश गेला.

१० मार्च, रविवार

दुकानदाराला फोन केला. सगळी केस पहिल्यापासून समजावली, पंधरा मिनिटं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहेब, एका बाटलीत तुमच्या टँकचं पाणी घेऊन या. मी म्हटलं, रोग माशाच्या पोटात आहे, पाण्याचं काय करायचंय? माणूस आजारी पडला तर डॉक्टरकडे आपण त्याच्या खोलीतली हवा घेऊन जातो का? तो म्हणाला, नाही, पण खोलीत धूर असेल तर डॉक्टर खिडकी उघडायला सांगतो. असली हजरजबाबी माणसं मला पसंत नाहीत.

सुईने हवा काढता येते हे त्याने कबूल केलं. पण तो शेवटचा उपाय, आणि तुम्ही करू नका, म्हणाला. ‘तुम्ही’वर जोर होता.

सिरिंज आणली.

११ मार्च, सोमवार. संध्याकाळी

द्राक्षांवर सराव. सालीतून अलगद आत, गर न फाडता. बारापैकी नऊ फुटली, ती कन्येने खाल्ली. उरलेली तीन उत्तम जमली.

मग पेशंटला ओल्या फडक्यात धरला. कल्ले भराभर हलत होते. एक डोळा माझ्याकडे. पाण्याबाहेर राहून राहून पाठ पांढरी पडली आहे, हे हातात घेतल्यावर दिसलं. पाच दिवस खाल्लेलं नाही, हलका लागला.

सुई ठेवून दिली. त्याला पाण्यात सोडला.

ही भीती नव्हे. याला संयम म्हणतात. दारात ही उभी होती. आज तिने काहीतरी म्हणायला हवं होतं.

१३ मार्च, बुधवार

अर्धी रजा. पेशंटला पिशवीत घालून स्कूटरवरून दुकानात. म्हटलं, सुई तूच घाल. दुकानदाराने सुई बघितलीही नाही. पिशवीत त्याच्या टँकचं पाणी नळीने थेंब थेंब सोडत बसला. तासाभराने मासा त्याच्या टँकमध्ये सोडला.

मासा खाली गेला. सरळ तळाशी, एका दगडाआड. मग बाहेर आला आणि आडवा, शांत, मधोमध पोहू लागला. जणू आमच्याकडे अकरा दिवस नाटक करत होता.

मी लगेच कारण सांगितलं: रस्त्यातले खड्डे. स्कूटरच्या हादऱ्यांनी पोटातल्या पिशवीतली हवा सुटली. म्हणजे एका अर्थी उपचार मीच केला, येताना. दुकानदाराने मान हलवली. होकाराने की कसं ते कळलं नाही. मासा मात्र परत देईना. साहेब, आधी पाण्याची बाटली, मग मासा. उलट त्यानेच त्याच्या टँकच्या पाण्याची एक बाटली माझ्या हातात ठेवली. घरी शेजारी शेजारी ठेवून बघा, म्हणाला. काय बघायचं? पाणी पाण्यासारखंच दिसतं.

१७ तारखेला चार दिवस आहेत. रविवारी सकाळी मासा आणणारच.

१५ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ७

कन्येचा विज्ञानाचा गृहपाठ: अंडं साध्या पाण्यात बुडतं, मीठ घालत गेलं की तरंगतं. तिने फ्रिजमधलं एक जुनं अंडं घेतलं. पहिला ग्लास नळाच्या पाण्याचा: अंडं तळाशी. दुसरा दुकानदाराच्या बाटलीतला: अंडं टोकावर उभं राहिलं, पण तळाशीच. तिसऱ्या ग्लासात तिने मला न विचारता टँकचं पाणी घेतलं.

अंडं वर आलं आणि डोलत राहिलं. ती धावत आली. बाबा, मीठ घालावंच लागलं नाही!

ही झग्याला गुंड्या लावत होती. दोरा दातांनी तोडून ग्लासाकडे बघत म्हणाली, अगंबाई, हेही बूच.

मी शांतपणे सांगितलं की अंडं हे प्रमाणित उपकरण नाही. कोंबडी काही मापन विभागात काम करत नाही. एका अंड्यावरून निष्कर्ष काढणं हे शास्त्र नव्हे. मग कन्येने दुसरं अंडं आणलं.

आज पाणी भरलं नाही. कंटाळा आला म्हणून.

१६ मार्च, शनिवार. दुपारी २

तत्त्व मोडलं. हायड्रोमीटर डब्याच्या पिशवीतून ऑफिसला नेला. टँकचं पाणीही नेलं. माहीत असलेल्या खारेपणाची तीन पाणी तयार केली, बुडबुडे झटकले, भिंग लावून पाहिलं. तिन्ही वेळा काटा बरोबर रेघेवर. अर्धी रेघही इकडेतिकडे नाही. एकोणीस वर्षांत इतकं खरं बोलणारं स्वस्त उपकरण पाहिलेलं नाही. टँकचं पाणी मात्र ऑफिसच्या उपकरणातही पट्टीच्या बाहेर गेलं.

लाल स्टिकर नखाने सोडवलं. हिरवं लावलं. खाली सही केली.

पाणी उडतं, मीठ राहतं. मी रोज, एकही खाडा न करता, त्यात आणखी मीठ घालत होतो. ज्याच्या पोटात काहीही बिघडलेलं नव्हतं त्या माशाला मी उपाशी ठेवला, मटार दाखवला आणि चाळणीखाली दाबला.

दुसऱ्या माशाच्या बाबतीतली चूक सापडली. छोटी नव्हती.

१७ मार्च, रविवार

करार सहा वेळा वाचला. कुठे फट सापडते का पाहिलं. ‘धडधाकट पोहत असेल’ हे खरं आहे. पण ‘या टँकमध्ये’ असं लिहिलेलं आहे, आणि त्याखाली रेघसुद्धा मारली आहे. मसुदा चांगला करतो मी.

दुकानदाराचा फोन आला होता. मासा खातोय. पाठीचा पांढरेपणा कमी होतोय. पाणी निम्मं बदलून हळूहळू मापात आणा, मग बघू, म्हणाला. मी त्याला खड्ड्यांबद्दल पुन्हा काही बोललो नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, बूच बुडाला म्हणजे झालं, आता मशीन उचलायला या.

मशीन खिडकीशी आलं. उजेड चांगला पडतो तिथे, हे मान्य करावं लागेल. सोळा झगे झालेत, उरलेले सहा तिथे होतील. टँक रिकामा करून गॅलरीत ठेवला. बेडरूमचं कपाट आता पूर्ण उघडतं. मोजे मिळाले.

सोडवलेलं लाल स्टिकर खिशात होतं. एकदा सोडवलं की नीट चिकटत नाही, पण टाकवेना. या वहीच्या कव्हरवर दाबून बसवलं. नियमाप्रमाणे खाली सही हवी, ती आहेच. फेरतपासणीची तारीख मात्र रिकामी ठेवली आहे.