माळवदावरची पांढरी

११ ऑक्टोबर ९३
लातूरकडच्या भूकंपाला दहा-बारा दिवस झाले, गाव अजून अंगणातच झोपतंय. काल मात्र सासऱ्यांनी, तात्यांनी, वाकळ उचलून घरात नेली. म्हणाले, विंचवाकाट्यापेक्षा आपलं माळवद बरं. मागोमाग माझी राणी. पाच वर्षांची झाली तरी आजोबांशिवाय झोप नाही तिला. हे कारखान्यावर, पाळीला. मला एकटीला बाहेर झोप लागली नाही.

२० ऑक्टो.
शाळेत सभा. इंदापूरहून तरुण इंजिनिअर आलेला. तिकडं माणसं गेली ती माळवदानं, डोक्यावरच्या मातीच्या छतानं, म्हणाला. माती उतरवा, पत्रे टाका. मागून कुणीतरी, "चैतात पत्र्याखाली तुमी ऱ्हाऊन दाखवा." सगळे हसले. मीही हसले. मग समिती. गिरणीवाले इनूसभाई प्रमुख, आणि एक बाई पाहिजे म्हणून मी, शाळेतली शिक्षिका.
घरी येऊन शिडी लावून वर गेले. तात्या दरसाल पावसाच्या तोंडावर माळवदावर पांढऱ्या मातीचा थर देतात. जुना काढायचा नाही, त्यावरच नवा. घर कधी गळलं नाही हा त्यांचा केवढा तोरा! कोपऱ्यात खुरप्यानं उकरलं. हात कोपराच्या वर आत गेला तरी लाकूड लागेना. थर जसेच्या तसे ठेवून खाली आले.

५ डिसें.
इनूसभाईंनी माळवद उतरवून पत्रे टाकले. गावात एकटेच. लोक म्हणतात, भाईनं घराचा डबा केला. मी वर्गावर्गात भूकंपाचं सांगत फिरतेय हे ऐकून गिरणीत म्हणाले, "बाई, आदी आपलं घर. मग गावाला सांगा."
दळण घेतलं आणि निघाले.

१६ डिसें.
उसाच्या ट्रॉल्या दारावरून चालल्यात. भरलेली गेली की वरून माती झरते, भाकरीवर, आमटीत. तात्या फुंकर मारून खातात. राणी आता लांबून ट्रॅक्टर ऐकला की ताटावर हात धरते. तिला हे कुणी शिकवलं नाही.

१८ जाने. ९४
आज सराव. शाळेची घंटा सलग वाजली की जो तो मोकळ्या मैदानात, असं ठरलेलं. झालं भलतंच. गडी गोठ्याकडं पळाले, दावी सोडायला. बायका देव आणायला घरात. शेवंतामावशी तर अख्खा देव्हारा डोक्यावर घेऊन आल्या. इनूसभाई कपाळाला हात लावून बसले. माझा वर्ग तेवढा ओळीत. मी खुशीत.
मग कळलं, अंगणवाडीतली राणी नाही.
घरी सापडली. मधल्या घरात तात्या निवांत आडवे पडले होते आणि ही त्यांचं धोतर दोन्ही हातांनी ओढत होती. "तात्या, चला की. घर पडंल. तुमी एकटंच हाय."
मी तिला मारलं. आजवर कधी हात लावला नव्हता. नंतर मोरीत जाऊन रडले. उद्या खरंच हललं तर ही पोर बाहेर पळणार नाही, आतच जाणार.

१९ जाने.
तात्या सकाळी चहा पिता पिता, न विचारता, "औंदा माती न्हाय टाकायची." बस्स, एवढंच. मी पाया पडले तर म्हणाले, आज कुठला सण हाय?

२ मे
पत्र्यांचं यांनी दिवाळीनंतरवर ढकललं. माळवद उतरवायला गडी मिळत नाही. मिळतो तो म्हणतो, पावसाआधी घर उघडं टाकायचं नसतं. खरंच आहे त्याचं. निदान नवा थर नाही, यावर मी समाधान मानतेय.

१७ मे
वळीव झोडपून गेला. माळवद गळलं. गळलं ते नेमकं राणीच्या अंथरुणावर. पोर भिजली, आज ताप. बावड्याहून डॉक्टरांचं औषध आणलं. तात्या दिवसभर गळतीखाली पातेलं धरून बसल्यासारखे एकाच जागी. पाऊस केव्हाच थांबलेला. जेवले नाहीत. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही.

२४ मे
शाळेच्या कामावरून आले तर दारात गाडीभर पांढरी माती ओतलेली. तात्या वर. राणीही वर, ताप उतरलाय, अनवाणी नाचत माती तुडवतेय. पोराचं पाऊल हलकं, माती सारखी बसते, अशी इथली रीतच. लग्न होऊन आले त्या साली लहानग्या नणंदेला तुडवताना मीच कौतुकानं बघितलं होतं.
म्हटलं, तात्या, तुम्ही शब्द दिला होता.
"दिलता. पन पोरगी भिजली न्हवं? भूकंप कवा यील कुनाला ठावं. पाऊस तर पंधरा दिसांवर आलाय."
वर माती कोरडी पडत होती, त्यांनी पाणी मागितलं. मी घागर भरून शिडीवरून वर दिली.

२५ मे
इनूसभाई दारावरून गेले. वर बघितलं. समितीची बैठक सोमवारी, पुढच्या सरावाची.
अंगणातलं माझं अंथरूण आत घेतलं. राणी तात्यांच्या कुशीत, तिच्या अलीकडं मी, दार उघडं. त्या दोघांना एकदम बाहेर ओढता येईल का, ते झोपल्यावर हात लांब करून बघितला. तात्यांपर्यंत पोचत नाही.